मोठ्या मापाचा मोह

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जर्मनीहून बुटांचा एक जोड आला, आणि त्याच्यापायीं जो वाद माजला तो संक्रांतीपर्यंत पुरला. बूट आमच्या चुलत पुतण्याच्या पत्नीचे. तीं दोघें आठ वर्षें म्युनिक येथें होतीं. तिकडे हिंवाळा लागला कीं सारें गांव बर्फावर घसरावयास निघतें, म्हणून यांनींही ती विद्या संपादन केली होती. आतां बंगळुरास बदली झाल्यामुळें बुटांस काम उरलें नाहीं, आणि आमच्या धाकट्या बंधूंची कन्या माघांत गुलमर्गास स्कीइंगसाठीं जाणार असें कळतांच सूनबाईंनीं मोठ्या मायेनें ते तिला देऊन टाकले. नवे घेऊं जातां असले बूट बरेच महाग पडतात. तेव्हां घरांत आनंदी आनंद झाला.

अडचण एवढीच, कीं मुलीचें पाऊल चोवीस सेंटिमीटर आणि बूट साडेपंचवीसचे.

आमचे थोरले बंधू म्हणाले, "बोटभर सैल, त्यांत काय बिघडलें? दोन मोजे घाल. घट्ट जोड्यानें पाय सोलून घेण्यापेक्षां सैल बरा." मुलगी म्हणाली, "मोठे काका, हे बूट मला व्हायचे नाहींत." यावर, हातीं आलेली लक्ष्मी लाथाडूं नये, या अर्थाचें बरेंच बोलणें झालें. आम्ही बंधूंच्या बाजूचे होतों हें येथेंच कबूल करून टाकतों.

हा वाद केवळ आमच्या घरचा असता तर त्यासाठीं या सदराचीं पानें अडवलीं नसतीं. परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां सर्वांच्या पायांवर हा संस्कार बाळपणींच झालेला असतो. शाळेचा जोडा घ्यावयाचा तो पुढल्या वर्षींही यावा असा; मग थोरल्याचा धाकट्यास आणि धाकट्याचा शेंडेफळास. सदऱ्याची बाही दुमडतां येते, परकरास टीप घालून तो आंखूड करतां येतो. जोड्यास टीप घालतां येत नाहीं, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणि सपाट रस्त्यावरून शाळेंत जावयाचें असतें तोंपर्यंत तें ध्यानांत आलें नाहीं तरी चालतेंही.

प्रथम हा खेळ काय आहे तें सांगणें अवश्य आहे, कारण आम्हां कोंकणवासीयांचा बर्फाशीं संबंध गोळेवाल्यापुरताच. पायांस लांबट फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणें म्हणजे स्कीइंग. बहुतेक लोक तारेवरच्या पाळण्यांत बसून वर जातात आणि घसरत खालीं येतात. गुलमर्गास असा पाळणा आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्यें आणि अफरवाटच्या डोंगराकडे नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्यें सुरू झाला. परंतु कांहीं मंडळींस पाळण्याचें वावडें असतें. हे लोक फळ्यांच्या तळाशीं केसाळ पट्ट्या चिकटवतात आणि टांच मोकळी ठेवून स्वतःच्या पायांनीं डोंगर चढतात. त्या पट्ट्यांचे केंस फळीस पुढें सरकूं देतात, मागें घसरूं देत नाहींत. पूर्वीं त्या सील नांवाच्या प्राण्याच्या कातड्याच्या असत, आतां मोहेर लोंकरीच्या किंवा नायलॉनच्या असतात. माथा आला कीं पट्ट्या सोडावयाच्या, टांच फळीस जखडावयाची आणि खालीं सुटावयाचें. याला स्की-टूरिंग म्हणतात, आणि आमच्या मुलीस हेंच शिकावयाचें होतें.

आतां या बुटाची स्थिति पाहा. चढतांना घोटा मोकळा हवा, नाहींतर पाऊल पुढें पडत नाहीं. उतरतांना घोटा आणि नडगी जखडलेली हवी, कारण फळी वळवावयाची ती नडगीनें बुटाचा गळा दाबून. बुटांत पाय हलला तर हुकूम फळीपर्यंत पोंचतच नाहीं. चार तास चढावें तेव्हां अर्धा तास उतरण्याचें सुख मिळतें. म्हणजे एकाच नोकरानें दिवसभर मवाळपणें वागावें आणि शेवटच्या अर्ध्या घटकेस कडक शिस्तीचें व्हावें, असें हें मागणें आहे. म्हणून या बुटांस मागें एक खटका असतो; तो उघडला कीं गळा मागेंपुढें झुलतो, लावला कीं ताठ होतो.

हा खेळ प्रथम ज्यांनीं इंग्रजी वाचकांच्या कानांवर घातला त्यांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल हे एक होते. १८९४ च्या मार्चमध्यें त्यांनीं ब्रँगर नांवाच्या दोघां बंधूंच्या सोबतीनें स्वित्झर्लंडांतील डाव्होस येथून खिंड ओलांडून आरोसा गांठलें, आणि त्याची हकीकत त्याच वर्षीं स्ट्रँड मासिकांत लिहिली. उतरतांना त्यांच्या विजारीचा मागला भाग झिजला असें तेच सांगतात. त्यांच्या काळचे बूट कातड्याचे व नाडीचे. कातडें ओलें होई, पायाबरोबर वांके, ढिलें पडे. फळीवर त्याचा अंमल थोडा, पण पायास तें सामावून घेई. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत बॉब लँग यांनीं प्लास्टिकचा, बकलांनीं आवळावयाचा बूट बाजारांत आणला आणि पारडें उलटें झालें. अंमल आला, सामावून घेणें गेलें.

आमच्या घरच्या वादाचें मूळ येथेंच आहे, असें आम्हांस मागाहून कळलें. जोड्याविषयीं आमच्या पिढीचें जें ज्ञान आहे तें कोल्हापुरी वहाणेवरून आलेलें. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें कातडें, खिळा म्हणून नाहीं, शिवण सारी चामड्याच्याच वादीची. ती वहाण पहिले चार दिवस चावते. मग तिला तेल पाजावें, ओल्या पायांनीं थोडें फिरावें, आणि आठवड्याभरांत ती त्या एका पायाची होऊन बसते. इतकी कीं दुसऱ्यानें चुकून घातली तर त्यास आपण परक्या घरांत शिरलों असें वाटावें. (तिला भौगोलिक मानांकन मिळालें तें २०१९ मध्यें. पुढें २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील प्राडा या पेढीनें तिच्यासारखी वहाण मिलानच्या प्रदर्शनांत मांडली आणि आरंभीं कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं, तेव्हां आपल्याकडे जो संताप झाला तो रास्तच होता.) "चावला तरी घे, सैल होईल", हा आमच्या वडिलांचा उपदेश कातड्यापुरता खरा होता. प्लास्टिकच्या कवचास तो लागू नाहीं. कवच होतें तसेंच राहतें. सैल होतो तो फक्त आंतला गुबगुबीत अस्तर-जोडा. तो कांहीं दिवसांच्या वापरानें चेपतो आणि बूट दुकानांत होता त्याहून मोकळा वाटूं लागतो. म्हणजे दुकानांत जो बूट गादीसारखा वाटला तो पुढें खळखळणार हें ठरलेलें.

"सैल बरा", या दुसऱ्या उपदेशाची परीक्षा मात्र आम्हीं स्वतःच घेतली होती, तीही दुसऱ्याच्या पायांवर. तीन वर्षांपूर्वीं ही मुलगी मैत्रिणींबरोबर कलावंतीणीच्या सुळक्यावर जावयास निघाली. करंजाड्यांत राहणाऱ्यांस ती सहल कांहीं दूर देशची नव्हे; कर्नाळ्याचा आंगठा आणि प्रबळगडाचा माथा पाहत आमचीं पोरें लहानाचीं मोठीं झालीं. तिचा जोडा फाटला होता, म्हणून आम्हींच आमच्या चिरंजीवांचा दिला आणि वर म्हणालों, "दोन मोजे घाल, होतो." ठाकूरवाडीपासून प्रबळमाचीपर्यंतची वाट आणि तेथून खडकांत खोदलेल्या पायऱ्या ती हंसत चढली, चढतांना जोडा सैल आहे हें कळतच नाहीं. उतरतांना प्रत्येक पायरीस पाऊल पुढें सरकून बोटें जोड्याच्या नाकावर आपटत होतीं. एके ठिकाणीं टांच उचलली गेली, पाय मुरगळला आणि ती कड्याच्या बाजूस कलली. मागच्या मैत्रिणीनें तिचा दंड धरला म्हणून पुढचें टळलें. घरीं आली तेव्हां दोन्ही आंगठ्यांचीं नखें काळीं पडलीं होतीं; पुढें महिन्याभरांत तीं गळलीं. तिनें आम्हांस एका शब्दानें दूषण दिलें नाहीं. म्हणूनच कीं काय, आम्ही तें विसरलों होतों. ती विसरली नव्हती.

तेव्हां या खेपेस तिनें वाद घालण्याऐवजीं प्रयोग मांडला. पहिला प्रश्न जागेचा. नवा बूट बाहेर नेण्यापूर्वीं घरांत तासभर घालून हिंडावें असें जाणते सांगतात. आणि आमच्या घरीं तर पादत्राण उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "चामड्याचे आहेत का ते?" मुलगी म्हणाली, "नाहीं आजी, सगळें प्लास्टिक." त्यावर घटकाभर विचार करून मातोश्रींनीं निर्णय दिला, कीं देवघर व स्वयंपाकघर सोडून बाकी घरांत हरकत नाहीं, मात्र तळ आधीं पुसून घ्यावे. मग जो खडखडाट सुरू झाला त्यानें खालच्या बिऱ्हाडांतील वहिनी वर येऊन, चकल्यांची भाजणी कुटतां काय, असें विचारून गेल्या.

तिनें प्रथम संध्याकाळच्या वेळीं कागदावर उभें राहून, टांच भिंतीस टेकवून दोन्ही पावलें मापलीं. संध्याकाळीं, कारण दिवसभरांत पाऊल थोडें सुजतें. उभें राहून, कारण भार पडला कीं तें लांबतें. आणि दोन्ही, कारण दोन्ही क्वचितच सारखीं असतात. हिचें डावें चोवीस भरलें, उजवें त्याहून किंचित् कमी. स्कीच्या बुटांचें माप पावलाच्या सेंटिमीटरांतच सांगतात, त्यामुळें येथें कांहीं घोळ नव्हता. मग तिनें आंतला अस्तर-जोडा काढून ठेवला आणि रिकाम्या कवचांत पाय घालून बोटें पुढें टेकवलीं. या वेळीं टांचेमागें किती जागा उरते त्यावर सारा हिशेब आहे. शर्यतीचा मनुष्य एक सेंटिमीटरावर समाधान मानतो. दिवसभर चढणाऱ्यास दीड ते दोन हवे. अडीचाच्या पुढें बूट आपला नव्हे. आमच्या चिरंजीवांनीं पट्टी घालून पाहिली ती तीन सेंटिमीटरांच्याही पलीकडे गेली. थोरले बंधू चष्मा लावून स्वतः खात्री करून गेले.

"पण बकलें आवळलीं कीं बसेल ना घट्ट?" ही त्यांची शेवटची शंका. आम्हांसही ती सयुक्तिक वाटली. मुलीनें बकलें आवळलीं आणि आमच्या इमारतीचा चार मजल्यांचा जिना दोनदां चढून उतरली. उतरतांना टांच तरीही उचलत होती. ती थांबावी म्हणून आणखी एक दांता आवळला. वीस मिनिटांत पाऊल बधिर झालें. आमच्या सर्व गैरसमजाचें उत्तर त्या वीस मिनिटांत होतें. मोठा बूट पायास धरून ठेवावयाचा तर पावलाच्या वरच्या उंचवट्यावर बकल रुतवावें लागतें, आणि बोटांकडे जाणाऱ्या शिरा व मज्जातंतु नेमके तेथूनच जातात. सुखासाठीं घेतलेला मोठा बूट शेवटीं लहान बुटाहून अधिक छळतो. करंजाड्याच्या जिन्यावर बधिर झालेलें पाऊल चोळलें कीं उतरतें. बर्फांत तसें होत नाहीं. १९५० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस मॉरिस हर्झोग व लुई लाशेनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोंचले. आठ हजार मीटरांवरचें मनुष्यानें जिंकलेलें तें पहिलें शिखर. परंतु हिमदंशानें त्या दोघांसही पायांचीं सर्व बोटें गमवावीं लागलीं. तेथें कारणें अनेक होतीं, आणि गुलमर्ग म्हणजे अन्नपूर्णा नव्हे. तरी थंडींत बोटांचें रक्त आपल्याच हातानें अडवूं नये एवढें त्यावरून समजावयास हरकत नाहीं. दोन मोज्यांचाही परिणाम तोच. दुसऱ्या मोज्यानें ऊब वाढत नाहीं, मोजा मोज्यावर घसरून फोड येतात. लोंकरीचा एकच पातळ मोजा, तोही सुरकुती न पडूं देतां.

मग सुख आणि काम यांचा मेळ घालावयाचा तरी कसा? आम्ही समजत होतों कीं तो मध्यम मापांत आहे. थोडें घट्ट, थोडें सैल. तसें नाहीं. पावलाच्या निरनिराळ्या भागांस निरनिराळा न्याय लागतो. टांचेस मुळींच मोकळीक नको. टांच उचलली कीं फोड आलाच. घोट्याभोंवतीं आणि उंचवट्यावर हातानें हात धरावा तशी सर्वत्र सारखी पकड हवी, एका ठिकाणीं चिमटा नको. चवडा सपाट टेकावा. बोटांस हलण्यापुरती जागा असावी, धांवण्यापुरती नसावी. सरळ उभें राहिलें असतां सर्वांत लांब बोट पुढें हलकेंच टेकतें आणि गुडघा वांकवून नडगी पुढें दाबली कीं तें मागें सरतें. नवख्या मनुष्यास पहिला स्पर्श होतांच बूट लहान वाटतो आणि तो मोठा मागतो. त्यानें गुडघा वांकवून पाहावें आणि अर्धा तास तसेंच उभें राहावें. अर्ध्या तासानें जें दुखतें तें खरें. पहिल्या मिनिटास जें खुपतें तें पुष्कळदां केवळ अपरिचय असतो.

आपल्या लोकांच्या पायांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जन्मभर अनवाणी किंवा चपलेंत वावरलेलें पाऊल बोटांकडे पसरट आणि टांचेकडे अरुंद असतें. युरोपांतील बूट ज्या ठोकळ्यावर, म्हणजे कलबुतावर, बेततात तो पुष्कळदां चवड्याशीं अरुंद असतो. कांहीं कवचें तेथें अठ्ठ्याण्णव मिलिमीटर रुंद असतात, तर कांहीं एकशें दोन किंवा त्याहून अधिक. लांबी बरोबर असून करंगळी चेपत असेल तर मनुष्य लांबी वाढवतो आणि रुंदीचें दुःख टांचेस भोगावयास लावतो. त्यापेक्षां रुंद कलबुताचा बूट मागावा. तो नसेल तर जाणता दुकानदार कवचास ऊब देऊन नेमका तेवढाच भाग बाहेर फुगवून देतो, आणि आंतला अस्तर-जोडाही तापवून पायावर बसवतां येतो. थोड्या मिलिमीटरांचें काम, पण दिवसाचा रंग पालटतो.

वजनाविषयीं फार लिहीत नाहीं. चढणाऱ्यांचे बूट हलके असतात, उतारावर मर्दुमकी गाजवणाऱ्यांचे जड व ताठ. आणि पायांतील वजन पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या कित्येक पट दमवतें, हें खलाटीच्या चिखलांतून गमबूट घालून चाललेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं. ज्यास दिवसाचे चार तास चढावयाचें त्यानें हलक्याकडे झुकावें. पण झुकावें तें वजनांत आणि ताठपणांत, मापांत नव्हे. आणि चढतांना बकलें सैल सोडावीं, खटका उघडावा. पुष्कळ नवखे माथ्यापर्यंत सारें आवळून चढतात आणि बुटास शिव्या देतात.

मुलगी माघांत गुलमर्गास गेली ती रिकाम्या पायांनीं. तेथें भाड्यानें बूट देणाऱ्या एका दुकानदारानें तिच्याकडे पाहून पंचविसाचा जोड पुढें केला आणि यांत आराम वाटेल असें सांगितलें. तिनें अस्तर-जोडा काढून मागितला तेव्हां तो चकित झाला. पण मनुष्य भला होता. चोवीसचा जोड काढला, कवचांत बोटें टेकवून टांचेमागची जागा मोजली, ती पावणेदोन सेंटिमीटर भरली. पहिल्या दिवशीं डावी करंगळी चेपली. त्या रात्रीं त्यानें तेवढी जागा तापवून फुगवून दिली. भाड्याच्या बुटासाठीं एवढे कष्ट घेणारा दुकानदार आम्हांस आवडला. चवथ्या दिवशीं ती पट्ट्या लावून साडेतीन तास चढली आणि खालीं येतांना, तिच्याच शब्दांत सांगावयाचें तर, सात वेळां पडली, पण सातही वेळां दोष तिचा होता, बुटाचा नव्हता. संध्याकाळीं तिचा फोन आला. मातोश्रींनीं तो आमच्या हातांतून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "नखें आहेत का गं जागच्या जागीं?"

जर्मनीचे बूट सध्यां माळ्यावर आहेत. त्यांत वर्तमानपत्रांचे बोळे भरून ठेवले आहेत. सूनबाईंस आम्हीं सर्व हकीकत कळवली. त्यांस राग आला नाहीं, उलट तेच बूट त्यांस पहिल्या वर्षीं कसे चावत होते तें त्यांनीं खुलवून सांगितलें. थोरले बंधू अधूनमधून माळ्याकडे पाहतात आणि सुस्कारा टाकतात. मातोश्रींनीं मात्र व्यवहार सोडलेला नाहीं. घरीं कोणी तरुण मुलगी आली कीं कुंकू लावून झाल्यावर तिच्या पावलांकडे पाहून त्या विचारतात, "तुझें माप काय गो?" अद्यापि साडेपंचवीस कोणाचें निघालेलें नाहीं.